‘नाहामू’ शिकताना

पहिल्या दिवशी काकांनी मला पुस्तक उघडूच दिलं नाही. समोर बसवलं, चहाचा कप हातात दिला आणि म्हणाले, “शेमा म्हण.”

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, घरात वाढलेल्या माणसाला शेमा म्हणायला सांगणं म्हणजे त्याला त्याचं नाव विचारण्यासारखं. मी म्हटलं, लहानपणापासून म्हणतो तसं, एका दमात. शेमा इस्राएल अदोनाय एलोहेनू अदोनाय एहाद. हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे. काका काही बोलले नाहीत. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि मग म्हणाले, “आता तुझे बाबा म्हणायचे तसं म्हण.”

मला येईना. बाबांचा आवाज कानात होता, पण घशातून निघत नव्हता. ‘इस्राएल’पाशी ते थांबायचे, एवढं मात्र आठवलं. तसं मी सांगितलं.

“तिथे काय आहे माहीत आहे? अतनाह. म्हणजे विसावा. पासूक, म्हणजे श्लोक, तिथे अर्धा होतो. जा, आज एवढंच.”

बाबा गेले ते हिब्रू आव महिन्याच्या 17 तारखेला. वर्षाचा दिवस येतो त्याच्या आधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, मुलाने माफ्तीरला, तोरावाचनाच्या शेवटच्या पुकाऱ्याला, उभं राहायचं आणि हाफ्तारा म्हणायची, अशी आमची रीत. तोराचे, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचे, 54 भाग पाडलेले आहेत. ते शब्बाथमागून शब्बाथ वाचत वर्षभरात पुरे करायचे असतात, आणि प्रत्येक भागानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला एक ठरलेला उतारा सुरात म्हणतात. तो उतारा म्हणजे हाफ्तारा. बाबांच्या पहिल्या वर्षाला मी फक्त आशीर्वचनं म्हटली आणि हाफ्तारा माझ्यासाठी दुसऱ्या कोणीतरी म्हटली. चांगली म्हटली. मी शेजारी सिसिथ, प्रार्थनेची शाल, पांघरून उभा होतो आणि आपल्या बापाचं ऋण दुसरा कोणी फेडतोय असं सारखं वाटत होतं. त्याच आठवड्यात मी ठरवलं. प्रत्यक्ष सुरुवात व्हायला पुढचा पुरीमचा सण उजाडला. वय 51, बँकेतली नोकरी, आणि हिब्रू अक्षरं ओळखीची असली तरी त्यांच्या वर-खाली जे ठिपके, काठ्या आणि वळणदार खुणा असतात त्यांच्याकडे जन्मात कधी नीट पाहिलेलं नव्हतं.

त्या खुणा म्हणजे तआमीम, कुठल्या सुरात म्हणायचं आणि कुठे थांबायचं ते सांगणारी चिन्हं. एकवचन ताआम. या शब्दाचा रोजच्या हिब्रूतला अर्थ चव, आणि दुसरा अर्थ कारण किंवा मतलब. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला, कारण पुढे जे काही शिकलो ते या दोन अर्थांच्या मध्येच कुठेतरी होतं. सेफेर तोरामध्ये ही चिन्हं नसतात. ती गुंडाळी हाताने लिहिलेली, 3,04,805 अक्षरं, आणि त्यांत ना स्वर, ना विराम. सूर पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला. गालील सरोवराकाठच्या तिबेरियात विद्वानांच्या घराण्यांनी तो चिन्हांत बांधला. त्यांतला सर्वांत नावाजलेला आरोन बेन आशेर दहाव्या शतकातला. आज छापील पुस्तकांत जी चिन्हं दिसतात ती त्यांच्याच परंपरेची. तोरा वाचणाऱ्याला ती सगळी पाठ करून उघड्या अक्षरांपुढे उभं राहावं लागतं. हाफ्तारा मात्र आमच्याकडे छापील पुस्तकातून म्हणतात. म्हणून नवशिक्याला आधी हाफ्तारा.

दुसऱ्या आठवड्यापासून काकांनी चिन्हांची नावं घ्यायला लावली. नावं नुसती म्हणायची नाहीत. प्रत्येक नाव त्याच्याच सुरात म्हणायचं. झार्का, माकाफ, शोफार-होलेख, सेगोल्ता. त्यांच्या लहानपणी मुलं पाढ्यांसारखी ही नावं घोकत. “आधी भांडी ओळख, मग स्वयंपाक,” ते म्हणायचे. नावांचे अर्थ ते मराठीत सांगायचे आणि तेच मला लवकर लक्षात राहायचे. दार्गा म्हणजे पायरी. तेबीर म्हणजे मोडलेला. माआरीख म्हणजे लांबवणारा. यारेयाह बेन योमो म्हणजे एका दिवसाचा चंद्र, आपली प्रतिपदेची कोर, आणि कार्ने फारा म्हणजे गाईची शिंगं. ही शेवटची दोन अख्ख्या तोरात एकाच जागी येतात, गणनाच्या पुस्तकात, तीही शेजारी शेजारी. मी विचारलं, मग शिकायची कशाला? काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

शालशेलेथ त्यांनी मला एकदाच म्हणून दाखवली. शालशेलेथ म्हणजे साखळी. तोरात ती चारच शब्दांवर आहे. त्यांतला एक शब्द योसेफाच्या गोष्टीतला. मालकाची बायको त्याला बोलावते आणि तो नकार देतो. ‘वयमाएन’, त्याने नकार दिला, एवढा एकच शब्द, आणि त्याच्यावर ती लांबलचक, वळणं घेत घेत, वर जाऊन खाली येणारी तान. काकांचं वय 82. श्वास पुरत नव्हता, तरी तुटू दिली नाही. नकार द्यायला त्या पोराला किती जड गेलं असेल, ते त्या एका शब्दात ऐकू आलं. आमच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली आणि गायली. काकांच्या आजोबांनी ती ऐकलेली. कीर्तनकार एखाद्या शब्दाला धरून बसतो आणि पुढे जाऊच देत नाही, तसं हे, असं काका म्हणाले.

नाव आणि सूर जुळले की मग उजवा हात. मी वाचायचं आणि काकांनी हाताने सूर दाखवायचा. तळवा आडवा धरला की विसावा, बोट उचललं की झाकेफ, म्हणजे त्याहून छोटा थांबा. उजव्या हाताने तआमीम दाखवत असल्याचा उल्लेख तालमूद या यहुदी धर्मग्रंथातही आहे. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील वेदपाठी होते. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, आमच्याकडेही हात असाच हलतो.

आणि मग यशया संदेष्ट्याचा ग्रंथ, अध्याय 40, पासूक 1.

17 आवच्या आधीचा शब्बाथ दर वर्षी हाच असतो, शब्बाथ नाहामू. आव महिन्याच्या 9 तारखेला यरुशलेमच्या दोन्ही मंदिरांच्या विनाशाचा उपास होतो आणि त्यानंतरच्या शब्बाथला ‘नाहामू’ वाचतात. 26 पासूक. सुरुवात अशी: नाहामू नाहामू अम्मी, योमार एलोहेखेम. सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा, तुमचा देव म्हणतो. पाच शब्द. मला वाटलं, तासाभरात होतील. आठवडा गेला.

कारण मी दोन्ही ‘नाहामू’ सारखेच म्हणत होतो. “नीट बघ,” काका म्हणाले. पहिल्याच्या खाली माआरीख, दुसऱ्याच्या खाली तार्हा. पहिलं चिन्ह जोडणारं आहे, ते पुढच्या शब्दाचा हात धरतं. दुसरं किंचित थांबवतं. मग ‘अम्मी’वर अतनाह, पूर्ण विसावा. म्हणजे पहिला नाहामू दुसऱ्यात वाहत जायला हवा, दुसऱ्यानंतर डोळ्याची पापणी लवेल एवढी फट, आणि ‘माझे लोक’ म्हटल्यावर श्वास. रडणाऱ्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवताना आपण असंच बोलतो: अगं नको, नको रडू, बाई. मी हे काकांना म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, आता ताआम लागला.

तिसऱ्या पासूकाने तर माझी झोप उडवली. ‘कोल कोरे बामिदबार’. आवाज हाक मारतोय, अरण्यात. आता आवाज अरण्यात आहे, की अरण्यात वाट तयार करा असं तो सांगतोय? अरण्यात ओरडणाऱ्याचा आवाज, असंच मी कायम ऐकत आलो होतो. ख्रिस्ती शुभवर्तमानांतही ते तसंच आलेलं आहे. पण चिन्ह बघा. ‘कोरे’वर झाकेफ काटोन आहे. तिथे थांबायचं. आवाज हाक मारतोय: अरण्यात परमेश्वराची वाट तयार करा. पुढच्याच ओळीत ‘ओसाड भूमीत आपल्या देवासाठी राजमार्ग सरळ करा’ असं आहे, म्हणजे जोडीही जुळते. दोन ठिपके एकावर एक, एवढंच ते चिन्ह, आणि त्याने आवाजाला अरण्यातून बाहेर काढलं. त्या रात्री मी स्वयंपाकघरात उभा राहून तो पासूक वीसेक वेळा म्हटला असेन. कधी चुकीच्या जागी थांबून, कधी बरोबर. बायको उठून आली, तिलाही म्हणून दाखवला. तिला फरक लगेच कळला.

तेव्हापासून मी चाल शिकायची म्हणून शिकणं सोडलं. शब्द नीट ऐकू यावेत म्हणून शिकू लागलो. शिकवणीचा वेगही त्यानंतर वाढला.

चिन्ह कुठल्या अक्षराजवळ बसवलंय यालाही अर्थ असतो, कारण आघात तिथे पडतो. मराठीत आघाताने अर्थ फारसा बदलत नाही, त्यामुळे माझ्या कानाला ते ऐकूच येत नव्हतं. काकांनी राहेलची गोष्ट काढली. याकोब विहिरीवर उभा आहे. मेंढपाळ म्हणतात, ती बघ राहेल येतेय. तिथे ‘बाआ’ शब्दात आघात शेवटी. तीन पासूक पुढे राहेल येऊन पोचते. तोच शब्द, आघात सुरुवातीला. आधी वाटेवर, मग विहिरीपाशी. मी दहा वेळा चुकलो. अकराव्या वेळी काकांनी टेबलावर बोटाने ठोका दिला आणि तो ठोका माझ्या जिभेवर आला.

उच्चारांचा त्रास वेगळाच. ‘अम्मी’मधला आयिन घशातून यायला हवा, मी आपला साधा ‘अ’ म्हणून मोकळा. दालेथ आणि रेश दिसायला जवळजवळ सारखे. सेफेर तोरात शेमाच्या पासूकातला ‘एहाद’चा दालेथ मोठा करून लिहितात, नाहीतर कोणी रेश समजून ‘आहेर’ वाचायचा, म्हणजे ‘एकच’च्या जागी ‘दुसरा’.

याच सुमारास मुलाने इस्राएलमधल्या अश्दोदहून व्हॉट्सअ‍ॅपवर हीच हाफ्तारा पाठवली, कुठल्यातरी हजानच्या, म्हणजे प्रार्थना गाणाऱ्याच्या, आवाजातली. सुंदर होती, स्वच्छ. आणि काकांच्या चालीपेक्षा वेगळी. मी ती ऑफिसला जाताना लोकलमध्ये ऐकू लागलो आणि दोन आठवड्यांत माझ्या तोंडात दोन चालींची खिचडी झाली. काकांनी पहिल्याच पासूकाला पकडलं. रागावले नाहीत. म्हणाले, “ती चालही खरी आहे. चिन्हं तीच, अर्थ तोच. पण तुझे बाबा ज्या चालीत ऐकत होते ती ही.” त्यांची चाल त्यांना वडिलांकडून आलेली. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी आमच्या लोकांत शिक्षक आणि हजान म्हणून आले, पुढे मुंबईत बगदादी मंडळी शेजारी आली, आणि या सगळ्यांचे सूर कोकणातल्या गळ्यांत मिसळत गेले. काकांच्या झाकेफमध्ये मला कधीकधी आरतीचा उतार ऐकू येतो. तसं मी त्यांना म्हटलेलं नाही. मुलाची फाइल मी काढून टाकली नाही, पण आव उलटेपर्यंत ऐकायची नाही असं ठरवलं आणि पाळलं.

आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले, असं आमच्यात सांगतात. ग्रंथ समुद्रात गेले. ते तेलाच्या घाण्यावर बसले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. हिब्रू विसरले. राहिला तो शेमा. जन्माला शेमा, लग्नात शेमा, मातीला शेमा. मला हे शाळकरी वयापासून पाठ होतं आणि मी ते नेहमी कमतरतेची गोष्ट म्हणून ऐकलं: बिचाऱ्यांना एवढंच येत होतं. या चार महिन्यांत ती गोष्ट माझ्यासाठी पार बदलली. बाबांना एकाही चिन्हाचं नाव माहीत नव्हतं. ते मिलमध्ये जॉबर होते. हिब्रू अक्षरं वाचायचे, अर्थ मराठी प्रार्थनापुस्तकातून बघायचे. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला आणि शेमा म्हटला. “शेमा इस्राएल.” मग थांबले. मला वाटलं, दम संपला. मी पुढचे शब्द त्यांच्यासाठी म्हणणार एवढ्यात त्यांनी स्वतःच म्हटले. पहिल्या दिवशी काकांनी ‘अतनाह’ हा शब्द उच्चारला तेव्हा मला हाच क्षण दिसला होता. तो थांबा दम संपल्याचा नव्हता. तिथे थांबायचंच असतं. त्यांना ते त्यांच्या आईकडून आलेलं, तिला तिच्या आईकडून.

जुलैमध्ये काकांनी कसून घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक पासूक दोनदा हिब्रूत, एकदा मराठीत. हा जुना नेम आहे: मूळ दोनदा, तर्गूम एकदा. तर्गूम म्हणजे अरामी भाषांतर. “आपला तर्गूम मराठी,” काका म्हणायचे. सरावात देवाचं नाव आलं की ‘हाशेम’ म्हणायचं, कारण ‘अदोनाय’ उगाच उच्चारायचं नाही. यातली धास्ती मला उशिरा कळली. शेकडो वेळा ‘हाशेम’ म्हणून जीभ तिथे बसली आणि त्या दिवशी तेबावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, तेच तोंडातून निघालं तर? मी पुस्तकात त्या प्रत्येक जागी पेन्सिलीने बारीक टिंब केलं.

9 आव आला. आमच्या जुन्या बायका त्याला बिरड्याचा रोजा म्हणतात. संध्याकाळी सगळे जमिनीवर बसलो, दिवे मंद, बाहेर धो धो पाऊस. काकांनी एखा वाचायला घेतलं, यिर्मयाचा विलाप. चिन्हं तीच. तोच झाकेफ, तीच अतनाह. आणि चाल अशी की प्रत्येक पासूक शेवटी खाली खचत होता. मी पुस्तकात चिन्हं बघत ऐकत होतो. तीच पायरी, पण उतरणारी. एका जागी ‘एन मेनाहेम लाह’ असं येतं, तिचं, यरुशलेम नगरीचं, सांत्वन करणारं कोणी नाही. ‘मेनाहेम’ आणि ‘नाहामू’ एकाच धातूचे. माझ्या पाचही शब्दांना ते उत्तर होतं, की माझे पाच शब्द त्याला उत्तर होते, कोण जाणे, पण त्या रात्री मी पहिल्यांदा घाबरलो. पाठ असण्याचा प्रश्न उरला नव्हता. हे शब्द आपल्या तोंडून निघणार, हे जड वाटू लागलं.

शब्बाथची सकाळ. सिनेगॉगमध्ये हेखाल, म्हणजे सेफेर ठेवायचं कपाट, उघडला, सेफेर तोरा बाहेर आली, वरची घुंगरं वाजली. त्या दिवशीच्या भागात दहा आज्ञा आहेत आणि शेमाही. वाचणारे ‘शेमा इस्राएल’ला पोचले, थांबले, आणि मी खाली मान घातली. सातही पुकारे झाले. माफ्तीरला माझं हिब्रू नाव आणि बाबांचं नाव घेतलं गेलं. अमुकचा मुलगा अमुक. आशीर्वचन म्हटलं. चांदीच्या यादचं, ओळ दाखवायच्या काठीचं, बोट अक्षरांवरून सरकलं. मग सेफेर बाजूला झाली आणि माझ्यासमोर पुस्तक.

पहिले वीस पासूक कसे गेले ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की ‘कोल कोरे’ला थांबलो आणि बायकांच्या बाजूने हुंकार आला. तो माझ्या बायकोचा होता. ‘अदोनाय’ सगळीकडे नीट आलं.

24व्या पासूकात घसरलो. तिथे ‘अफ बल’ तीनदा येतं: न लावले, न पेरले, न त्यांच्या खोडाने मातीत मूळ धरलं. मी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर गेलो. काका समोरच्या बाकावर बसले होते. टेबलावर ठोका पडला, तोच राहेलच्या वेळचा. “झोराऊ,” ते म्हणाले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. अर्थ बदलेल अशी चूक झाली की थांबवायचं आणि मागे न्यायचं, ही रीतच आहे. मला त्याची लाज वाटली नाही. मी पासूक पहिल्यापासून घेतला. लावले, पेरले, मूळ धरलं, तिन्ही जागच्या जागी.

शेवटचा पासूक 26वा. डोळे वर करा आणि बघा, हे कोणी निर्माण केलं? तो त्यांच्या सैन्याला मोजून बाहेर काढतो, सगळ्यांना नावाने हाक मारतो. ‘लेखुलाम बेशेम यिक्रा’. आकाशातल्या ताऱ्यांबद्दल आहे ते. पण दहा मिनिटांपूर्वी त्याच जागेवर बाबांचं नाव मोठ्याने घेतलं गेलं होतं आणि ते माझ्या कानात अजून होतं. ‘यिक्रा’वर झाकेफ आहे. मी थांबलो. जरा जास्तच थांबलो असेन, कारण काकांनी मान वर केली. मग उरलेले शब्द म्हटले: त्याच्या सामर्थ्यामुळे एकही उणा पडत नाही.

कद्दीशची प्रार्थना झाली. खाली अंगणात पाव, केळी, शिरा. लोक पाठीवर थाप मारून गेले. काका पावसाकडे बघत खुर्चीवर बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुझी तार्हा अजून घाईत जाते.” मग: “किप्पूरच्या उपासाला किती दिवस आहेत?”

मी मोजून सांगितलं, आठ आठवडे.

“दुपारच्या प्रार्थनेला योनाचं पुस्तक असतं. 48 पासूक. मला आता उपासात एवढा दम राहत नाही.”

रविवारी संध्याकाळी मी काकांकडे गेलो. त्यांनी चहा दिला. यावेळी पुस्तक उघडू दिलं. पहिल्या शब्दावर कादमा होता.